आधी वेळ विचारा, मग वाट

माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर हा मधला रस्ता लग्नानंतर इतक्यांदा झाला की एसटीत डोळा लागला तरी गाडी कुठं आली ते अंगाला कळतं. नांदेडला आम्ही ‘जायलो’, ‘करायलो’ म्हणायचो. लातूरला आल्यावर ‘जाऊलालो’, ‘करूलालो’ ऐकून पहिले सहा महिने हसू यायचं. आता माझ्या तोंडी दोन्ही येतं.

दोन्ही घरी पाहुण्यांचा राबता. त्यांना फिरवून आणायचं काम पंचवीस वर्षं माझ्याकडंच आहे. पुण्या-मुंबईचे नातेवाईक, मुलाच्या ॲडमिशनसाठी आलेले ओळखीचे, नवऱ्याच्या नोकरीतले मित्र. सुरुवातीला मी ठिकाणांची यादी करून द्यायची. यादी घेऊन गेलेले बरेच जण हिरमुसून परत यायचे, आणि मला वाईट वाटायचं, कारण मी चांगलंच सांगितलेलं असायचं. चुकायची ती वेळ. आमच्या भागात कुठं जायचं याच्याआधी कधी जायचं ते विचारावं लागतं. हे बोल त्यातून आलेले आहेत.

१. ‘लातूर रोड’ म्हणजे लातूर नव्हे.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण यात माझी चुलत नणंद दोन लहान मुलांना घेऊन रात्री अडकली होती. लातूर रोड हे जंक्शन चाकूर तालुक्यात आहे, लातूर शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. पाटीवर ‘लातूर’ दिसलं म्हणून ती घाईघाईनं उतरली. गाडी निघून गेली. बाहेर ना रिक्षा, ना बस. आमचे हे मोटारसायकलवर निघाले, मागून शेजाऱ्यांची जीप. तासाभरानं ती भेटली तेव्हा धाकटं पोर बाकावर झोपलेलं आणि ती उभीच. तेव्हापासून फोनवर पहिलं वाक्य हेच: तिकिटावर नुसतं ‘लातूर’ आहे ना ते बघा. नांदेडचं तसं काही नाही, फक्त स्टेशनाचं नाव आता ‘हजूर साहिब नांदेड’ आहे, तेवढं लक्षात ठेवायचं.

२. सचखंडला अंधारात जा.

नांदेडला येणारे बहुतेक लोक दुपारी बारा-एकला सचखंड गुरुद्वारात येतात, रांगेत उभे राहतात, माथा टेकतात, फोटो काढतात आणि निघतात. दर्शन झालं म्हणायला ते ठीक. पण मला कुणी विचारलं तर मी पहाट सांगते, आणि खरं तर पहाटेच्याही आधीची वेळ.

रोज त्या वेळी गागर घेऊन सिंग गोदावरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्यानं आतलं स्थान धुतलं जातं. ऊन, थंडी, पाऊस, काही असो. मी आठ-नऊ वर्षांची असताना बाबांनी मला एकदा उठवून नेलं होतं. डिसेंबर होता, अंगावर आईची शाल. गागर पुढून गेली आणि रस्त्यावर सांडलेल्या पाण्याचे थेंब मागं राहिले. दिव्याखाली ते चमकत होते. बाबा म्हणाले, ‘यांच्यावरून चालू नको, बाजूनं चल.’ आम्ही शीख नाही. बाबा रोज सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणणारे होते. पण नदी तीच, त्यामुळं त्यांना त्यात वेगळं काही वाटत नसे.

गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली इथं देह ठेवला, आणि ग्रंथसाहिबांनाच पुढं गुरू माना असं सांगितलं तेही इथंच. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. पंजाबातून इतक्या लांब, तेव्हाच्या निजामाच्या मुलखात. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी गुरूंची शस्त्रं दाखवतात. पहाट जमली नाही तर ही वेळ चुकवू नका. डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवा. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या, एका हातानं नको.

लंगरमध्ये जेवायला बसाल तेव्हा पोळी मागताना हात पसरायचा, आणि घेतलेलं ताटात टाकायचं नाही. जेवण झालं की अर्धा तास भांडी घासायला किंवा पोळ्या लाटायला थांबा. कुणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारत नाही. माझ्या पुण्याच्या मावससासूबाई एरवी घरातसुद्धा विळीवर बसत नाहीत, त्या तिथं तासभर लसूण सोलत बसल्या. शेजारी लुधियानाहून आलेल्या एक आजी होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. निघताना त्या आजींनी यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

३. गुरुद्वाराच्या पलीकडंही नांदेड आहे.

बंदा घाटावर संध्याकाळी जा. माधोदास नावाचा बैरागी इथं गोदावरीकाठी मठ करून राहायचा. गुरु गोविंदसिंगजींची भेट झाली, तो बंदासिंग झाला आणि इथूनच पंजाबात जाऊन त्यानं मोगलांशी झुंज घेतली. पाहुण्यांना हे घाटावर बसून सांगितलं की पंजाब आणि नांदेड यांच्यातलं अंतर एकदम कमी होतं. अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस इथून का सुटते तेही कळतं.

वाचणारा पाहुणा असेल तर मी पीपल्स कॉलेजच्या दारापर्यंत नेते. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं सुरू झालेलं हे कॉलेज. हैदराबाद संस्थान मुक्त होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मराठी शाळांना तोवर काय काय सोसावं लागलं होतं ते आजोबा सांगत. इथंच नरहर कुरुंदकर शिकवत. बाबा त्यांची व्याख्यानं ऐकून आले की रात्री जेवताना सगळ्यांना पुन्हा सांगत, आणि वरण गार होऊन जाई. १९८२ साली ते गेले तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. त्या दिवशी आमच्या गल्लीत मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती एवढंच मला आठवतं.

खायचं म्हणाल तर इतवारा, देगलूर नाका या बाजूला जा. आमच्या जिभेवर हैदराबादचा हात आहे. तहरी, बगारा खाना आणि दालचा. दालचा आंबट आणि दाट असतो, त्यात दुधी भोपळ्याचे तुकडे. शाकाहारी माणसालाही मिळतो, पण आधी विचारून घ्या. आणि अर्धापूरची केळी घेतल्याशिवाय जाऊ नका. रस्त्याकडेला घड टांगलेले असतात.

४. माहूरला मुक्काम करा.

‘सकाळी नांदेडहून निघू, रेणुकामातेचं दर्शन घेऊ, संध्याकाळी परत’ असा बेत घेऊन येणाऱ्यांशी मी आता वाद घालते. एका बाजूलाच सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. देवीचं मंदिर, दत्तशिखर, अनसूया अशी वेगवेगळ्या डोंगरांवरची ठिकाणं आहेत, शिवाय मातृतीर्थ आणि किल्ला. पळापळीत पायऱ्या चढून म्हातारी माणसं दमतात आणि तरुणांचं लक्ष घड्याळाकडं. एक रात्र राहा. सकाळी सहाच्या सुमारास डोंगरातून धुकं उठत असतं, झाडं जवळजवळ निळी दिसतात, तेव्हा माहूर बघावं.

साडेतीन पीठांतलं हे एक. देवीचा तांबूल मात्र घ्याच. विड्याची पानं, सुपारी, कात, मसाला खलात कुटून केलेला, गडद लाल. माझी आजी सगळं कधीच खात नसे, चिमूटभर पदराच्या टोकाला बांधून आणत असे. तो पदर धुतल्यावरही वास जायचा नाही. नवरात्रात आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला गर्दी असते. गर्दीची भीती असेल तर ते दिवस टाळा, पण मला विचाराल तर दत्तजयंतीचं माहूर एकदा तरी पाहावं.

५. सहस्रकुंड ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच.

पैनगंगेचा हा धबधबा आहे. अलीकडं मराठवाडा, किनवट तालुक्यातलं इस्लापूर; पलीकडं विदर्भ. पावसाळ्यात पाण्याचा आवाज लांबून येतो. उन्हाळ्यात नुसता काळा खडक. खडक ओला असताना काठाला जाऊ नका. पाय घसरायला क्षण पुरतो.

६. उन्हाला हलकं घेऊ नका.

एका मे महिन्यात मी सासरच्या आत्यांना खरोशाला घेऊन गेले. औसा तालुक्यात, लातूरहून निलंग्याच्या वाटेवर टेकडीत कोरलेली लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय. मला ती फार आवडतात, कारण वेरूळसारखी गर्दी नाही, आपण आणि मूर्ती समोरासमोर असतो. पण निघायला अकरा वाजले. टेकडीवर पोचेपर्यंत साडेबारा. आत्या दुसऱ्या लेण्यापाशी एकदम खाली बसल्या. चेहरा लाल, घाम थांबलेला. घाम थांबणं हे वाईट लक्षण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

खाली गावातल्या एका घरी नेलं. त्या मावशींनी काही विचारलं नाही. ओलं फडकं मानेला गुंडाळलं, कांदा फोडून नाकाशी धरला आणि गुळाचं पन्हं घोट घोट पाजलं. मग त्यांच्या मुलानं जीप काढून आम्हाला दवाखान्यात पोचवलं. संध्याकाळपर्यंत आत्या बऱ्या झाल्या. माझ्या हाताचा थरकाप मात्र दोन दिवस गेला नाही.

मार्च ते जून किल्ले आणि लेणी नऊच्या आत उरका, नाही तर पाचनंतर जा. कंधारलाही हेच. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या वेळेपासूनचा. बाजूला जगत्तुंग समुद्र हा मोठा तलाव, आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुटके भाग. त्या पावलांशेजारी आपलं पाऊल ठेवून बघितलं की मूर्ती उभी असताना केवढी असेल या विचारानं माणूस गप्प होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर तिथून हलावंसं वाटणार नाही. औशाचा आणि उदगीरचा किल्लाही तेव्हाच बघा. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीरला. तिथून वर्षभरात पानिपत. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं थंडीतल्या सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा, नक्षी उठून दिसते.

७. गंजगोलाई उघडताना बघा.

लातूरला लोक मुलांच्या शिक्षणासाठी येतात. ‘लातूर पॅटर्न’चं नाव सगळीकडं झालं आहे, आणि दहावीचा निकाल लागला की लॉजला जागा मिळत नाही. जून-जुलैत यायचं असेल तर खोली आधी ठरवून ठेवा. ॲडमिशनच्या रांगेत चार तास काढलेले आई-बाप संध्याकाळी गोलाईत येतात आणि गर्दीला वैतागतात. मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावते.

१९१७ साली बांधलेली ही गोल इमारत. मधोमध अंबाबाईचं मंदिर, आणि गोलाईतून सोळा रस्ते फुटतात. एका रस्त्याला सराफ, एकाला कापड, एकाला चपला, एकाला मिरची. सकाळी सातला मिरचीच्या गल्लीतून गेलात तर शिंका येतील, पण दुकानदार फळ्या सरकवताना, पहिली उदबत्ती लावताना दिसतील. हातगाडीवाला मामा चहाचं भांडं ठेवत असतो. सगळे एकमेकांना ओळखतात, आणि तुम्ही नवीन आहात हे त्यांना लगेच कळतं. ‘कोणत्या गावचे?’ असं विचारतीलच. राग मानू नका, सरळ सांगा. पुढं रस्ता, खोली, मेस सगळ्याची माहिती त्या एका उत्तरावर मिळते. एका मुलीच्या वडिलांना बरी मेस तिथल्या एका मिरचीवाल्यानं दाखवली होती.

तिथूनच तूरडाळ घ्या. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला आता भौगोलिक मानांकन आहे, पानचिंचोलीच्या चिंचेलाही. ती डाळ आणि ती चिंच एकाच आमटीत पडली की दुसरं काही लागत नाही. रात्री भूक लागली तर निलंगा राईस खा. पिवळाजर्द, लसूण-मिरचीचा, गाडीवर गरमागरम मिळतो.

८. पेल्यातलं पाणी टाकू नका.

एप्रिल २०१६ मध्ये आम्ही लातुरातच होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पाणी यायला लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माणसं गाडी बघायला स्टेशनवर गेली होती. आमच्या घरी तेव्हा अंघोळीचं पाणी परातीत धरायचो, ते फरशी पुसायला, आणि उरलं तर तुळशीला. सासूबाई रात्री झोपताना पिंपावर हात ठेवून पाण्याची पातळी बघत. दिवा लावत नसत, हातालाच कळायचं.

त्या दिवसांत एक पाहुणे आले. आमच्याकडं आल्या-गेल्याला आधी गूळ-पाणी. सासूबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, काठोकाठ. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर त्या बराच वेळ बेसिनपाशी उभ्या होत्या. आता पाऊस बरा होतो आहे, नळाला पाणी येतं. तरी लातूरच्या घरात पाणी हवं तेवढंच मागून घ्या. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांचं लक्ष तुमच्या पेल्याकडं असतं.

९. किल्लारीला फोटो काढायला जाऊ नका.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. मी नांदेडला होते, सतरा वर्षांची. फळीवरची भांडी वाजली म्हणून जाग आली. सासूबाईंची सख्खी बहीण किल्लारीची. तिच्या घरातले सात जण गेले.

एवढी माणसं का गेली ते समजून घ्यायचं असेल तर माळवद बघा. जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधत आले. त्या पहाटे तेच छत अंगावर आलं. लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. नव्या गावांत सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुन्या गावाच्या जागी बाभळी आणि दगड.

सासूबाईंच्या त्या बहिणीच्या घरी मी पाहुण्यांना नेत नाही. स्मृतिस्थळावर नेते. गाडी लांब लावायची, आवाज बंद करायचा. कुणी म्हातारं माणूस स्वतःहून बोललं तर ऐकायचं, आपण होऊन ‘तुमचे कोण गेले’ असं विचारायचं नाही. ३० सप्टेंबरला सकाळी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. तो तिथल्या घरांचा दिवस आहे. बाहेरच्यानं मागं उभं राहावं.

१०. एकदाच येणार असाल तर मार्गशीर्षाच्या शेवटी या.

सगळ्या बोलांतला हा मला सगळ्यात जवळचा. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, अमावास्येच्या तोंडावर, लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते. देवदर्शन, भंडारा, येळकोट, आणि त्याचबरोबर जनावरांचा मोठा बाजार. घोडे, गाढवं, उंट, बैल. आमच्या भागाच्या दोन गायी जगाला माहीत असायला हव्यात. कंधारची लाल कंधारी, गडद तांबड्या रंगाची. आणि लातूरकडची देवणी. देवणीत पुन्हा तीन प्रकार: पांढऱ्या अंगाची, तोंडाशी काळी ती वानेरा, सगळी पांढरी ती बाळंक्या, काळ्या ठिपक्यांची ती शेवेरा. शेतकरी तुम्हाला हे बोट धरून शिकवतील. एका म्हाताऱ्या बाबांनी विकायला आणलेल्या वळूच्या वशिंडावर हात ठेवून माझ्या मुलाला सांगितलं, ‘इथं हात ठेव. आता सांग, ह्यो रागात हाय का खुशीत?’ मुलाला कळलं नाही. बाबांनी त्याचा हात तसाच दाबून धरला, आणि थोड्या वेळानं मुलगा म्हणाला, ‘खुशीत.’ बाबांनी त्या दिवशी वळू विकला नाही. संध्याकाळी तो घेऊन ते परत निघाले.

यात्रेला लागूनच वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर-धाराशिवकडचा हा सण. पलीकडं कर्नाटकात याच दिवशी एळ्ळ अमावास्या असते, आणि कानडीत एळ्ळू म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. दुकानं बंद, गल्ल्या रिकाम्या, सगळे शेतात. पाहुणा त्या दिवशी बाजार बघायला आला तर उपाशी राहील. म्हणून आधी कुणाच्या तरी शेताचं आमंत्रण घेऊन ठेवा. ते मिळवणं अवघड नाही. शेत असलेल्या माणसाला शेत नसलेला माणूस जेवायला नेण्याचा त्या दिवशी आनंद असतो. शेजारी, ऑफिसातले, मुलांचे मास्तर, कुणालाही.

शेतात कडब्याची कोपी करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. आंबील मडक्यात आदल्या दिवसापासून आंबवलेली असते. ज्वारीचं पीठ, ताक, आलं-लसूण. भज्जी म्हणजे त्या ऋतूत शेतात जे जे कोवळं आहे ते सगळं: तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चुका, चिंच आणि बेसन. सोबत बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. सासूबाई आंबील पेल्यात देत नसत, ओंजळीत ओतत. ओंजळ गळायची, काळ्या मातीत पांढरे ओघळ जायचे, आणि त्या म्हणायच्या, ‘जाऊ दे, तिचाही वाटा हाय.’

जेवणं झाली की ज्वारीच्या ताटांत वारा घोंगावत असतो. पोरं बोरं शोधत फिरतात. दिवस कलला की कडब्याची चूड पेटवून घरातला एक जण पिकाभोवती फिरतो. मागच्या वर्षी मुलानं पहिल्यांदा चूड हातात घेतली. मी बांधावर बसून बघत होते. तो शेताच्या पलीकडच्या टोकाला गेला तेव्हा दिसेनासा झाला, नुसता ज्वारीच्या वरून सरकणारा उजेड दिसत होता.